शनिवार-रविवारी मुलांचे खेळणे का कमी होते?

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा मुलगा एरवी शाळेच्या मैदानावर मनसोक्त धावतो, शनिवार-रविवारी मात्र दुपारपर्यंत मोबाइल घेऊन सोफ्यावर लोळत असतो. याला नेमके काय कारणीभूत असावे?

प्रतिसाद १: शाळेत मधली सुट्टी, पी.टी.चा तास आणि सवंगडी हे सारे आयतेच मिळते. सुट्टीच्या दिवशी ती चौकट नाहीशी होऊन खेळ आई-वडिलांच्या सवडीवर अवलंबून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी सांगितलेली दररोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल नेमकी इथेच हुकते.

प्रतिसाद २: जागेचाही प्रश्न आहेच. आमच्या सोसायटीत ‘येथे चेंडू खेळू नये’ अशी पाटी आहे आणि रविवारी सगळ्या गाड्या घरीच असल्याने पार्किंगच्या खांबांमधली उरलीसुरली जागाही जाते.

प्रतिसाद ३: आम्ही पुण्यात रविवारी पर्वतीच्या पायऱ्या चढतो. एकट्या मुलीला कंटाळा येत असे. शेजारची दोन मुले बरोबर येऊ लागल्यापासून तीच आम्हाला सहाला उठवते. सोबतीचा परिणाम शिकवणीपेक्षा अधिक होतो, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी मी स्वतःच नऊपर्यंत झोपलेला असतो, हे सांगायचे राहिले होते.