आजीचे श्रावणबाळचे पैसे बंद झाले, काय करावं?

माही आजी 74 वर्षांची, श्रावणबाळ योजनेचे (म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन) महिन्याले 1500 यायचे, चार महिन्यापासून एक रुपया नाई. बँकेत गेलो तं म्हणते तहसीलले जा, तहसीलवाले म्हणते बँकेत जा. वरून आजीचा आंगठाच लागत नाई मशीनवर, जिंदगीभर कापूस वेचला, बोटं घासून पार गुळगुळीत. लहान भावाले चालता येत नाई, त्याचेही कागद अजून काढले नाई.

कापूसवाला: पैसे आता डीबीटीनं येते, म्हंजे आधार ज्या खात्याले लिंक हाय तिथंच पडते. आमच्या मावशीचे एका जुन्या खात्यात पडून होते आन आम्ही इकडं तहसीलच्या चकरा मारून राह्यलो होतो! पहिले सीडिंग, म्हंजे आधार कोणत्या बँकेले जोडलं हाय ते पाहा. हयातीचा दाखला देल्ला का?

वर्धेकर: आंगठ्यासाठी आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, बुबुळंही स्कॅन करते तिथं. भावाच्या यूडीआयडीसाठी (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा, मंग सरकारी दवाखान्यात तपासणी. 40 टक्के किंवा वर अपंगत्व निघालं तं संजय गांधी निराधार योजनेमधी बसू शकते, दिव्यांगाले आता 2500 केले. आन ग्रामपंचायतीचा 5 टक्के दिव्यांग निधी असते तो मागा, सरपंच स्वतःहून कवाच सांगत नाई.

काकू: दवाखान्यात सकाळीच जा बाप्पा, पोराच्या डब्यात भाकर ठेवजो, दिवस जाते. म्हाताऱ्यांसाठी 14567 हेल्पलाइन हाय.

सीडिंग पाह्यलं, दुसऱ्याच बँकेले निघालं. उद्या आजीले घेऊन जातो, एसटी सातची हाय.