मदत हवी आहे: डबक्यातल्या सी अर्चिनचे काटे गळतायत, पाणी तापल्यामुळे का?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या दक्षिणेला आमचं गाव. गावाखालच्या खडपात (खडकाळ किनाऱ्यावर) सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मागे राहिलेल्या डबक्यांत सी अर्चिन, म्हणजे गोल काटेरी समुद्री जीव, दिसतात. जांभळट काळे, लिंबाएवढे, कातळाच्या खोबणीत घट्ट बसलेले. दोन उन्हाळे त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे.

परवा दुपारी साडेबाराला वरच्या अंगाच्या डबक्यात थर्मामीटर बुडवला तर ३७ अंश! खाली लाटेतलं पाणी ३१. डबक्यातल्या सातपैकी तिघांनी कातळ सोडला होता. एकाला तळव्यावर घेतलं, तर काटे पाण्यातच गळून पडले आणि खालचं ठिपक्याठिपक्यांचं कवच उघडं पडलं. फार वाईट वाटलं. कपारीच्या सावलीतले चार मात्र धड आहेत.

यांच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी तापलं की प्राणवायू जास्त लागतो, आणि तापल्या पाण्यात तो विरघळतो कमी, एवढं वाचलंय. पण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर उलटं घडलं: तिथल्या लांब काट्यांच्या जातीच्या पिल्लांना साधारण १२ अंशांच्या वर पाणी लागतं, समुद्र तापला तशी ती जात दक्षिणेकडे पसरली. मग आपल्याकडच्यांना पाच-सहा अंश का झेपत नाहीत? उरलेल्या चौघांना खाली नेऊन सोडू का?

प्रतिसाद १:
टास्मानियाचं पाणी मुळात थंड. आपल्याकडचे जीव आधीच सोसण्याच्या वरच्या टोकाशी राहतात, त्यांना वर सरकायला जागाच नाही. परवा तिथी कुठली होती ते बघा. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरदुपारी भरती असते, डबकी बुडलेली राहतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, आणि सुकती नेमकी दुपारी. शिवाय भांगाची भरती वरच्या डबक्यांपर्यंत चढतही नाही. तेच पाणी दिवसचे दिवस तापतं, आटतं, खारट होतं.

प्रतिसाद २:
ओढून काढू नका, कातळाला चिकटलेले नळीसारखे पाय तुटतात. ओल्या गोणपाटाची सावली करा आणि समुद्राचं पाणी थोडं थोडं ओता, एकदम नको. पहाटेही एकदा बघा. डबक्यात शेवाळ असेल तर दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री उलट ओढून घेतं.

धागाकर्ता:
कालनिर्णय काढून बघितलं. नवमी होती! गोणपाट टाकून आलोय. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन परत जातो, आकडे इथेच लिहितो. खारटपणा मोजायला कोळंबी प्रकल्पावाले वापरतात ते यंत्र कुणाकडे दोन दिवस मिळेल का?