अननसाच्या गमीज गोठतच नाहीत

वेंगुर्लेकरीण: लेक सहा वर्षांची. बाजारच्या रंगीत गमीज (जेलीच्या चघळायच्या गोळ्या) बंद करायच्या म्हणून घरीच करायला घेतल्या. परसातला अननस मिक्सरमधून काढून गाळला, एक कप रसात तीन मोठे चमचे जिलेटीन, थोडा मध. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी साच्यात नुसतं सरबत! हापूसच्या मात्र सुरेख झाल्या होत्या, बोटाने ढकलल्या की टुणकन बाहेर. काय चुकतंय?

देवगडची मावशी: अगो, रस कच्चाच घातलास ना? न उकळलेल्या अननसात, पिकलेला असला तरी, ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटीनमधलं प्रथिनच तोडतं. मग जिलेटीन कितीही घाल, गोठायचं नाही. कच्च्या पपईचंही तेच. रस आधी पाच मिनिटं खळखळून उकळ, पूर्ण गार कर. त्यातल्या पाव कपावर जिलेटीन भुरभुरव, दहा मिनिटं फुगू दे. उरलेला रस गरम करून त्यात विरघळव. जिलेटीन पडल्यावर उकळी आणू नको. आणि मे महिन्यात डब्यात देऊ नको हो, आपल्या उकाड्यात पाघळतात.

गुहागरकर: जिलेटीन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतं, आमच्याकडे चालत नाही. आम्ही चायना ग्रास वापरतो, ती समुद्री शेवाळाची. रसात दोन-तीन मिनिटं उकळावीच लागते. उन्हात टिकते, पण चिवट होत नाही, दाताखाली कट्कन तुटते.

वेंगुर्लेकरीण: मावशी, काल रस उकळून केल्या. झाल्या! लेकीने साचा उलटा धरून हलवला, एकही पडली नाही.