राजकीय पोस्ट नकोत ठरलं होतं ना? (सोसायटी ग्रुप)

देशपांडे ए-२०३: रात्री पावणेबाराला "काँग्रेसचा शेवटचा अध्याय" कोणी टाकलं ते सगळ्यांना दिसतंय. नाव घेत नाही. एजीएमला (वार्षिक सभेला) काय ठरलं होतं?

साठे काका बी-४०१: घ्या की नाव. मीच टाकलं. वाचलंत का पण? काँग्रेस एकदा हरली की त्या राज्यात परत येत नाही, एवढंच म्हटलंय. तामिळनाडू १९६७ ला हातचं गेलं, बंगाल १९७७, उत्तर प्रदेश १९८९, गुजरात १९९५. तिथे पुन्हा काँग्रेसचा मुख्यमंत्री झालेला दाखवा.

पवार सी-१०२: लोकसभेत काँग्रेसच्या जागा बघा. २०१४, २०१९, २०२४ ला ४४, ५२, ९९. चढती भाजणी आहे. विषय संपला.

सेक्रेटरी: नमस्कार 🙏 उद्या ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे. राजकीय पोस्ट टाळाव्यात ही विनंती.

शिंदे ताई ए-१०४: टाकी गेल्या महिन्यातच साफ झाली ना? बिल कुठे लावलंय?

साठे काका बी-४०१: पवारसाहेब, २०१९ ला ४२१ जागा लढवून ५२. २०२४ ला ३२८ लढवून ९९. मतं साडेएकोणीस टक्क्यांवरून २१.२. पावणेदोन टक्क्यांत जागा जवळपास दुप्पट कशा? मित्रपक्ष होते म्हणून मतं फुटली नाहीत.

पवार सी-१०२: जवळजवळ शंभर जागा कमी लढवून मतं वाढली, हे नाही का दिसत? ४४, ५२, ९९.

रोहन डी-५०३: उत्तर प्रदेशात सपाचा हात धरून १७ पैकी ६. मध्य प्रदेशात थेट भाजपशी गाठ, तर २९ पैकी भोपळा. कमलनाथांचं छिंदवाडासुद्धा गेलं.

पवार सी-१०२: राजस्थान ८, हरियाणा ५. तिथेही थेट लढतच होती. सोयीचं तेवढंच आठवतं तुम्हा लोकांना.

रोहन डी-५०३: "तुम्हा लोकांना" म्हणजे? आणि हरियाणा चार महिन्यांत विधानसभेला हातचं गेलं. आपल्याकडेही लोकसभेला १३, नोव्हेंबरात विधानसभेला १६. २८८ मध्ये.

जाधव बी-२०२: सांगलीचं बोला. लोकसभेची जागा काँग्रेसने उद्धवसेनेला सोडली, काँग्रेसचेच विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले आणि पाठिंबा परत काँग्रेसलाच. घरातला माणूस पक्षाला ओळखू येईना 😄

देशपांडे ए-२०३: सांगलीकर आले की सांगली येणारच. पण भाजपच्या १९८४ ला दोनच जागा होत्या. २८२ व्हायला तीस वर्षं लागली. इतक्यात कोणाची तिरडी बांधू नये.

फर्नांडिस सी-३०१: आपली लिफ्ट आधी वर येते की काँग्रेस, पैज लावा.

जाधव बी-२०२: लिफ्टला निदान एएमसी (देखभालीचा करार) आहे.

शिंदे ताई ए-१०४: बिल?

साठे काका बी-४०१: देशपांडे, त्या तीस वर्षांत संघाच्या शाखा रोज भरत होत्या. मी या वॉर्डात मतदानाला काँग्रेसच्या टेबलावर बसलोय, मतदार चिठ्ठ्या हाताने लिहून घरोघर दिल्यात. पवारांच्या आईंना उचलून खुर्चीतून बूथवर नेलंय, विचारा त्यांना. २०२४ ला आपल्या गेटवर चिठ्ठ्या कोणी आणल्या? भाजपवाले दोनदा येऊन गेले. आमचं टेबल दुपारी १२ ला गुंडाळलं, मुलं जेवायला गेली ती आलीच नाहीत. मला पक्ष संपल्याचा आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?

पवार सी-१०२: आईचं खरं आहे काका. पण जरा समजून घ्या. १० वर्षं विरोधी पक्षनेतेपदापुरत्याही जागा नव्हत्या, आता ते पद आहे. ४४, ५२,

रोहन डी-५०३: ९९. पाठ झालं पवार काका.

साठे काका बी-४०१: पद दिल्लीत आहे, टेबल गल्लीत नाही. २०२५ ला बिहार विधानसभेत ६ च जागा आल्या. मित्रपक्ष होते ना तिथे? मित्रांच्या जिवावर किती दिवस?

देशपांडे ए-२०३: बघा, मी राजकारण नको म्हणून सुरुवात केली आणि मीच अडकलो. तरी ताईंना उत्तर मिळालेलं नाही. खजिनदार कोण आहेत सध्या?

सेक्रेटरी: खजिनदार साठेकाका आहेत. 🙏

शिंदे ताई ए-१०४: काका, बिहारचे आकडे तोंडपाठ आहेत, टाकीचा एक आकडा द्या.

साठे काका बी-४०१: ३२०० रुपये. पहिल्या वेळी ओव्हरहेड, उद्या खालची. पावती सकाळी बोर्डावर लावतो. पवार, तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय, तोही तेव्हाच द्या.

पवार सी-१०२: हा विषय ग्रुपवर काढायची गरज नव्हती.