ऑफिसच्या पीसींवरची सॉफ्टवेअरं आपोआप अपडेट करणारं काही सुचवा (बजेट: शून्य)

नौपाड्याची_निशा: करसल्लागाराचं ऑफिस, सहा पीसी, सगळे विंडोज 11. क्रोम स्वतःचं स्वतः बघतं, पण सेव्हन-झिप, व्हीएलसी, पीडीएफ रीडर जुनेच पडून आहेत. सगळं एकदम अपडेट होईल असं काही? साहेब पैसे देणार नाहीत, आधीच सांगते.

घोडबंदरचा_राजा: मॅक घ्या. मी घेतला, डोक्याला ताप नाही.

ऐरोलीकर: विंडोजमध्येच आहे की. टर्मिनलमध्ये 'विनगेट अपग्रेड' टाइप करा, कशाकशाची नवी आवृत्ती आलीय ती यादी येते. पुढे 'डॅश डॅश ऑल' लावलं की सगळं होतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर युनिगेटयूआय टाका. तेही फुकट, आत विनगेटच चालतं.

कोपरीकर: निनाइट! एक फाइल चालवा, विषय संपला. सोबत टूलबारचा कचरा येत नाही. घरी मी तेच वापरतो.

ऐरोलीकर: घरी फुकट हो, ऑफिसला प्रो विकत घ्यावं लागतं. ताईंनी बजेट लिहिलंय.

कोपरीकर: मग घ्यावं. ऑफिसवाले चहावर जास्त उडवतात.

वाशीचे_काका: जुनी सॉफ्टवेअरं शोधून देणारं सीक्युनिया पीएसआय काय सुंदर होतं! 2018 मध्ये बंद केलं. मग सुमो वापरायचो, तेही गेलं. चांगलं काही टिकू देत नाहीत.

घोडबंदरचा_राजा: सुमो 2019 ला बंद झाली ना? आमच्याकडे होती, दणकट गाडी.

वाशीचे_काका: अहो, सॉफ्टवेअर सुमो!!

सानपाडा_सीए: 'ऑल' डोळे झाकून लावू नका. आमच्याकडे कुणीतरी 20 तारखेला लावलं, नेमकं जीएसटीचं 3बी रिटर्न भरायच्या दिवशी. जावा बदललं आणि डीएससीची, म्हणजे डिजिटल सही होईना. क्लायंट फोनवर फोन करतायत, इकडे सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. जे हलायला नको ते आधी 'विनगेट पिन ॲड'ने रोखा, मग 'ऑल' त्याला हात लावत नाही. आणि रिटर्नच्या आठवड्यात काहीच करू नका.

घणसोली_गेमर: विनगेट बेस्ट. ड्रायव्हर अपडेटरपण टाका एखादा, पीसी पळतो.

ऐरोलीकर: नको! त्यातले बरेचसे घाबरवून पैसे उकळतात. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात तेवढे पुरे.

नौपाड्याची_निशा: आभार मंडळी. साहेबांना डीएससीचा किस्सा वाचून दाखवला, तिथेच घोळ झाला. आता म्हणतात, आपोआप काहीच नको. व्हीएलसी ऑफिसात कशाला हवा, काढून टाक. पीडीएफ रीडर तेवढा हाताने नवा करतेय.

ऐरोलीकर: सेव्हन-झिपपण करा. ते स्वतःहून अपडेट होत नाही, आणि 24.09 च्या आधीच्या आवृत्तीत सुरक्षेचं भोक आहे. नेटवरून आलेल्या झिपच्या आत दुसरी झिप असेल, तर तिच्यातल्या फाइलला 'ही नेटवरून आलीय' हा विंडोजचा इशारा लागतच नाही. तुमच्याकडे क्लायंटच्या झिपा रोजच येत असणार.