प्रतिसाद: वॉशिंग्टन घराणं मूळचं गडगंज?

वर कोणीतरी लिहिलंय की जॉर्ज वॉशिंग्टनचं घराणं इंग्लंडातूनच गडगंज होऊन आलं. तसं नाहीये हो. इंग्लंडातली सल्ग्रेव्हची इस्टेट पूर्वजांनी १५३९ मधे आठव्या हेन्री राजाकडून घेतली हे खरं, पण खापरपणजोबा लॉरेन्स एसेक्समधे पाद्री होते, राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडच्या यादवीत राजाच्या बाजूचे, त्यामुळे १६४३ मधे पार्लमेंटवाल्यांनी दारूडा ठरवून हाकललं (आरोप कितपत खरा, देव जाणे). त्यांचा मुलगा जॉन तंबाखूच्या जहाजावर नोकरीला लागून व्हर्जिनियात पोचला, परत निघताना पोटोमॅक नदीत जहाज रुतलं आणि गडी तिथेच राहिला, वर तिथल्या नॅथनिएल पोप या जमीनदाराचा जावई झाला, सासऱ्याने लग्नात ७०० एकर दिले. खरी जमीनदारी तिथून सुरू. माउंट व्हर्ननची (पुढे जॉर्जची इस्टेट झाली ती) जमीनही या जॉननेच १६७४ मधे भागीदारीत मिळवली.