ड्रोन आल्यावर सागरी गस्ती विमानांची गरज किती उरेल?

सागरवेध (प्रश्न):
नौदलाची आयएल-38 ही सागरी गस्ती विमाने 31 ऑक्टोबर 2023 रोजी गोव्यातील आयएनएस हंसा तळावर सेवानिवृत्त झाली. टीयू-142 विमाने 2017 मध्येच गेली होती. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गस्तीचा मुख्य भार आता अरक्कोणम आणि गोवा येथील, पाणबुड्याही शोधू शकणाऱ्या 12 पी-8आय विमानांवर आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये 31 अमेरिकी एमक्यू-9बी ड्रोनचा करार झाला असून त्यांतील 15 नौदलाला मिळणार आहेत. हे ड्रोन 30 तासांहून अधिक काळ हवेत राहू शकत असतील, तर 2019 मध्ये पुढे आलेल्या आणखी 6 पी-8आय विमानांच्या प्रस्तावावर खर्च करणे योग्य ठरेल का?

खोलपाणी:
या प्रश्नात टेहळणी आणि पाणबुडीचा शोध ही दोन कामे एकच मानली गेली आहेत. पृष्ठभागावरील जहाजांवर नजर ठेवण्यात ड्रोन सरस ठरेल, हे मान्य. परंतु बुडी मारलेली पाणबुडी रडारला दिसत नाही. तिचा माग काढण्यासाठी समुद्रात सोनोबॉय (पाण्याखालचे आवाज टिपून विमानाला कळवणारी तरंगती उपकरणे) टाकावे लागतात, त्यांच्याकडून येणारे आवाज व्यापारी जहाजांच्या आणि लाटांच्या गोंगाटातून वेगळे करावे लागतात, आणि खात्री पटली की तिथल्या तिथे टॉर्पेडो सोडावा लागतो. पी-8आयमध्ये ही साखळी एकाच विमानात पूर्ण होते. भारताने आपल्या विमानांवर चुंबकीय विक्षेप (पाणबुडीच्या धातूमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल) शोधणारे उपकरणही मागून घेतले, जे अमेरिकी नौदलाच्या पी-8एवर नाही.

दीपस्तंभ:
तरीही ही विभागणी कायम टिकेल, असे मी म्हणणार नाही. एमक्यू-9बीवरून सोनोबॉय टाकण्याच्या चाचण्या निर्मात्या कंपनीने केल्या आहेत. मात्र मार्च 2024 मधील, सोमाली चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजाची सुटका पाहा: पी-8आय आणि सी गार्डियन (एमक्यू-9बीची सागरी आवृत्ती) ड्रोन दोन्ही वर होते, सी-17 मालवाहू विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरवले गेले, आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने जहाजाला अडवून धरले आणि 35 चाचे शरण आले (त्यांना पुढे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले). तेथे कोणी कोणाची जागा घेतली नाही. शिवाय चाच्यांकडे ड्रोन पाडण्याची साधने नव्हती. हवाई संरक्षण असलेल्या शत्रूच्या ताफ्याजवळ संथ गतीचा महागडा ड्रोन किती काळ तग धरेल, याचा विचार करारासोबतच व्हायला हवा.

कोकणवारा:
माझ्या मते खरी अडचण संख्येची आहे. पी-8आय विमानांना डोकलाम आणि लडाखच्या तणावात जमिनीवरील टेहळणीसाठीही वापरले गेले. ते उपयुक्त ठरले असेलही, पण पाणबुडीशोधासाठी घेतलेल्या विमानाचे उड्डाणतास डोंगरांवर खर्च झाले. जहाजांची नेहमीची मोजदाद ड्रोन आणि डॉर्नियर ही छोटी गस्ती विमाने यांच्याकडे सोपवली, तर पी-8आयचे तास मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी आणि अरबी समुद्रात पाणबुड्यांच्या मागावर लागतील. सी-295 या मालवाहू विमानावर आधारित 15 सागरी गस्ती विमानांना 2024 मध्ये मंजुरी मिळाली, त्यांतील 9 नौदलासाठी आणि 6 तटरक्षक दलासाठी आहेत. मधल्या पल्ल्याची पोकळी ती भरून काढतील. म्हणून मी 6 पी-8आयच्या बाजूने आहे. मात्र प्रत्येक विमानामागे प्रशिक्षित ध्वनी-विश्लेषक आणि सोनोबॉयचा पुरेसा साठा यांची तरतूद त्याच करारात असावी, एवढी अट मी घालेन.